चौदापैकी तीन

या प्रवासाचं कारण एक कादंबरी होती. लेखिका कृष्णवर्णीय ब्रिटिश आहे, नॉटिंगहॅममध्ये राहते. मराठी अनुवाद मी केला. करारात एक अट होती, तशी अट मी कधी पाहिली नव्हती. छपाईआधी अनुवादातलं सातवं प्रकरण लेखिकेला समोर बसून वाचून दाखवायचं. वाचणारी व्यक्ती अनुवादक नसावी. तिने मराठी वाक्य वाचायचं आणि त्यात जे आहे तेवढंच इंग्रजीत सांगायचं. लेखिकेला पटलं तर पुस्तक छापायचं. नाही पटलं तर छापायचं नाही.

पुण्यातले प्रकाशक म्हणाले, ‘‘उपचार असेल. उरकून या.’’ मलाही उपचारच वाटला. माझं दहा महिन्यांचं काम पूर्ण झालं होतं, अक्षरजुळणी झाली होती, मुखपृष्ठ ठरलं होतं. व्हिडिओ कॉलवर चालेल का, असं मी कळवून पाहिलं. चालणार नाही, असं एका ओळीचं उत्तर आलं. बर्मिंगहॅमला माझी मावसबहीण असते, त्यामुळे राहण्याचा आणि वाचणाऱ्या व्यक्तीचा असे दोन्ही प्रश्न सुटले. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी निघाले.

या मजकुरातली माणसांची नावं बदललेली आहेत. कादंबरीचं नाव लेखिकेच्या सांगण्यावरून दिलेलं नाही.

बर्मिंगहॅम, पहिला दिवस

कोच स्टेशनवर माधवीताईची मुलगी तन्वी घ्यायला आली होती. तिचा जन्म इथलाच. ती कौन्सिलच्या एका लायब्ररीत काम करते.

‘‘वृंदामावशी, तुझा बॅग एवढाच? आई म्हणाली, तू अख्खा पुणे आणणार.’’

घरी ही गोष्ट तिने पुन्हा सांगितली तेव्हा ताई म्हणाली, ‘‘एवढीच. आणि अख्खं.’’

‘‘व्हॉटेव्हर, आई. मावशीला कळला ना?’’

माधवीताई एकाहत्तर वर्षांची आहे. भूल देणारी डॉक्टर म्हणून तिने इथल्या सरकारी रुग्णालयांत एकतीस वर्षं नोकरी केली. यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. घर जोडघर आहे, भिंतीपलीकडे एक पोलिश कुटुंब राहतं. फोडणी करायची तर ताई आधी स्वयंपाकघराचं दार लावते, खिडकी उघडते, पंखा सुरू करते आणि मग मोहरी टाकते. थंडी आत येते. आम्ही स्वेटर घालून आमटीभात जेवलो. पाचच वाजले होते आणि बाहेर दिवे लागले होते. पाऊस पडत नव्हता, पण सगळं ओलं होतं: कुंपण, कचऱ्याचे डबे, फुटपाथवर चिकटलेली पानं.

कादंबरी ताईने मी येण्याआधीच इंग्रजीत वाचून काढली होती. ती चिडलेली होती.

तिचं चिडणं कळावं म्हणून सातव्या प्रकरणात काय आहे ते सांगते. पर्ल ही चोवीस वर्षांची कृष्णवर्णीय तरुणी बाळंत होते. बाळ ठीक आहे. दुपारी तिला उजवीकडे बरगडीखाली दुखू लागतं. ती तिथे हात ठेवून सांगते, ‘‘इथे दुखतंय.’’ आधी सुईणीला, मग दुसऱ्या सुईणीला, चहा आणणाऱ्या बाईला, शिकाऊ मुलीला, फोनवर आईला, डॉक्टरला. संध्याकाळी फरशी पुसायला आलेल्या माणसालाही तेच सांगते. तो एकटा थांबतो आणि कोणाला तरी बोलवायला जातो. तोपर्यंत उशीर झालेला असतो. पर्लच्या कागदांवर डॉक्टरने लिहिलेलं असतं: ‘रुग्ण थोडी घाबरट. आरामात आहे.’ ही डॉक्टर भारतीय बाई आहे.

‘‘आम्हाला कशाला मध्ये ओढलंय?’’ ताई म्हणाली. ‘‘आम्ही इथे आलो तेव्हा आम्हाला कोणी चांगल्या पोस्टवर घ्यायचं का? जिथे गोरे जायला तयार नसायचे तिथे आम्हाला पाठवायचे. माझं नाव एकाला नीट घेता आलं नाही एकतीस वर्षांत. ते नाही लिहिलं तिने.’’

‘‘ते तिचा पुस्तक नाहीये, आई,’’ तन्वी म्हणाली.

‘‘मग तू लिही.’’

‘‘मी लिहिते ना. आई इज द व्हिलन. चॅप्टर वन, फोडणी.’’

ताई हसली, पण ताट उचलताना पुन्हा म्हणाली, ‘‘मी विचारणार आहे तिला.’’

बर्मिंगहॅम, दुसरा दिवस

तन्वीबरोबर बसने तिच्या लायब्ररीत गेले. इमारत जुनी, विटांची. आठवड्यातून तीनच दिवस उघडी असते. एका रेडिएटरजवळ चार म्हातारी माणसं वर्तमानपत्रं घेऊन बसली होती. दोघं वाचत होते, दोघं फक्त ऊब घेत होते.

कृष्णवर्णीय लेखिकांच्या अलीकडच्या कादंबऱ्यांना तन्वीने एक वेगळा कप्पा दिला आहे. मी माझ्या सवयीप्रमाणे विचारलं, यांत काय आहे, थोडक्यात सांग. तिने एकेका पुस्तकाच्या पाठीवर बोट ठेवत सांगितलं. यात दुसऱ्यांच्या आयांची शुश्रूषा करणारी बाई आहे, तिच्यावर अंगठी चोरल्याचा आळ येतो. यात बारा वर्षांची मुलगी आहे, शाळा तिला मोठी बाई समजून शिक्षा देते. यात ऑफिसातली बाई आहे, तिने आवाज चढवलेला नसतो, तरी ती आक्रमक आहे असं सगळे म्हणतात. यात केसांवरून नोकरी जाते.

‘‘सगळ्यांत एकच गोष्ट आहे, मावशी. ती सांगते आणि कोणी बिलीव्ह करत नाही.’’

‘‘मग एवढी पुस्तकं कशाला?’’ मी विचारलं. प्रश्न माझ्या वर्तमानपत्राच्या डेस्कवरचा होता. एका विषयावर पाच बातम्या आल्या तर आम्ही एक करतो.

‘‘असं तू तिकडे विचारू नको हं,’’ तन्वी म्हणाली. मग खाली वाकून तिने हळूच सांगितलं, ‘‘आणि आपले लोक दोनच जागी असतात या पुस्तकांत. दुकानाच्या काउंटरच्या मागे, नाहीतर डॉक्टर. नाइस नसतात.’’

दुपारी तन्वी मला कालव्याकाठी घेऊन गेली. पाणी चहाच्या रंगाचं होतं. एका नावेच्या छपरावर कुंड्या होत्या, सगळ्या मेलेल्या. परत येताना आम्ही समोसे घेतले. ते पुण्यातल्यापेक्षा चांगले निघाले, ही नोंद प्रामाणिकपणे करते.

नॉटिंगहॅम, तिसरा दिवस

सकाळच्या ट्रेनने मी आणि ताई निघालो. तन्वीला सुट्टी नव्हती. डबा निम्मा रिकामा होता. बाहेर सपाट शेतं, पाणी साचलेली कुरणं, कुंपणाला टेकलेल्या मेंढ्या. गोदामांच्या लांबच लांब राखाडी भिंती मध्येच येत आणि जात.

डर्बी सोडल्यावर ताईच्या लक्षात आलं की वाचायचा चष्मा स्वयंपाकघरातच राहिला आहे. वाचणारी तीच, आणि चष्मा नाही. नॉटिंगहॅम स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात तयार चष्मे मिळाले. तिच्या नंबराचा एकच होता आणि त्याची फ्रेम गुलाबी होती.

‘‘एकाहत्तराव्या वर्षी बार्बी,’’ ताई म्हणाली.

‘‘शोभतोय.’’

‘‘गप्प बस.’’

ट्रेनमध्ये मी तिला विचारलं होतं, सातव्या प्रकरणात आहे तसं खरंच होतं का. ती म्हणाली, ‘‘मी शिकत होते तेव्हा आपल्याकडच्या वॉर्डात बायका ओरडल्या की त्यांना शिव्या मिळायच्या. तेव्हा नाही का ओरडलीस, असं विचारायचे. तू ऐकलं असशील. इथे शिवी कोणी देत नाही. इथे ‘लव्ह’ म्हणतात, चादर सारखी करतात, आणि जातात.’’

क्लॉडेटचं, म्हणजे लेखिकेचं, घर चढावर होतं. विटांच्या घरांची रांग, प्रत्येक दाराला दोन पायऱ्या. दार साठीच्या पुढच्या एका बाईंनी उघडलं. उंच, कमरेला एप्रन, डोक्याला निळा रुमाल. मी लेखिका समजून पुढे झाले.

‘‘मी नाही, ती,’’ त्या म्हणाल्या आणि आतल्या खोलीकडे बोट केलं. ‘‘मी लोर्ना. मी फक्त जेवायला घालते.’’ लोर्ना ही क्लॉडेटची थोरली बहीण. दोघी शेजारच्या गल्ल्यांत राहतात.

क्लॉडेट धाकटी, चणीने लहान, आवाज खालच्या पट्टीतला. तिने आधी जेवून घ्यायला सांगितलं. राजम्याचा भात होता, नारळाच्या दुधात शिजवलेला. राजम्याला त्या दोघी ‘पीज’ म्हणतात. ताई शाकाहारी आहे हे मी आधी कळवलं होतं, म्हणून एक पालेभाजी केलेली होती. पहिल्या घासाला मी ओळखली: माठ. आमच्याकडे लसूण आणि मिरचीवर परततात, इथे कांदा आणि ओव्याच्या वासाचा कुठला तरी पाला होता.

‘‘आमच्याकडे ही भाजी गरिबांची समजतात,’’ मी म्हणाले.

‘‘आमच्याकडे आईची समजतात,’’ लोर्ना म्हणाल्या. ‘‘म्हणजे तेच.’’ आणि स्वतःच मोठ्याने हसल्या. ताईला त्यांनी विचारलं, ‘‘तुम्ही डॉक्टर ना? मग भात आणखी घ्या. डॉक्टर जेवत नाहीत, माहीत आहे मला.’’

जेवणानंतर लोर्ना भांडी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. दार उघडंच होतं. क्लॉडेटने टेबल पुसलं, स्वतःची प्रत उघडली आणि हातात पेन्सिल घेतली. ताईने गुलाबी चष्मा लावला.

वाचन तास-सव्वा तास चाललं. ताई चांगली वाचते. मराठी वाक्य, थोडं थांबून इंग्रजी, पुन्हा मराठी. क्लॉडेट पुस्तकात मधूनमधून पाहत होती. ताईने पहिल्यांदा ‘इथे दुखतंय’ वाचलं तेव्हा तिने समासात एक बारीक खूण केली. बऱ्याच वेळाने दुसरी केली, डॉक्टरच्या प्रसंगाला. प्रकरण संपत आलं तेव्हा तिसरी, फरशी पुसणाऱ्या माणसाजवळ. प्रकरण संपलं. क्लॉडेटने पानं मागे उलटली.

‘‘मधला भाग पुन्हा वाचाल का?’’ ती ताईला म्हणाली.

ताईने वाचला. मराठीत एक वाक्य होतं: ‘दुपारभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली.’ ताईने ते इंग्रजीत सांगितलं, थांबली, आणि मराठीत मला विचारलं, ‘‘अगं, इथे काही राहिलंय का? मी वाचलं त्यात बरंच होतं. चहावाली होती, फोन होता.’’

‘‘राहिलं नाही. काढलंय,’’ मी म्हणाले.

ताईने हेही इंग्रजीत सांगितलं. तिला सांगायचं नसावं, पण वाचनाचा नियम तिने आमच्या बोलण्यालाही लावला.

‘‘चौदा वेळा आहे,’’ क्लॉडेट म्हणाली. ‘‘तुमच्याकडे तीन आहेत. काढायला कोणी सांगितलं?’’

कोणी सांगितलं नव्हतं. मी तिला जे सांगितलं ते इथे तसंच देते. मी सव्वीस वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर होते. बातमीत एकच माहिती दुसऱ्यांदा आली की ती कापायची, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. नंतर शिकवावं लागत नाही, हात आपोआप चालतो. सातव्या प्रकरणात एकच वाक्य पानापानाला येत होतं. पहिलं ठेवलं, डॉक्टरचं ठेवलं कारण त्याला परिणाम आहे, शेवटचं ठेवलं कारण तिथे माणूस थांबतो. बाकीच्यांसाठी एक वाक्य घातलं. प्रकरण वेगवान झालं असं मला वाटलं होतं. मी त्यावर खूश होते.

‘‘तुमच्या बातमीत बाई पोलिसांकडे पाच वेळा गेली तर काय लिहिता?’’ तिने विचारलं.

‘‘वारंवार गेली, असं लिहितो.’’

‘‘पाच जागांवर पाच माणसं बसलेली असतात. ती कुठे जातात मग?’’



स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. लोर्ना हात पुसत दारात आल्या. ‘‘किती?’’ त्यांनी बहिणीला विचारलं.

‘‘तीन.’’

‘‘दवाखान्याच्या माझ्या कागदांत एकही नव्हती,’’ लोर्ना म्हणाल्या. ‘‘वकिलामार्फत मागवून घेतले होते आम्ही. तीन म्हणजे प्रगती आहे.’’ त्या हसल्या. जेवताना हसल्या होत्या तशाच.

तेव्हा आम्हाला कळलं. क्लॉडेटने नंतर दोन-तीन वाक्यांत सांगितलं. कादंबरीत पर्ल मरते. खऱ्या दुपारी लोर्ना वाचल्या, पण वर्षभर दवाखान्यात जात-येत राहिल्या आणि पुढे मूल होऊ दिलं नाही. क्लॉडेट तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि खाटेशेजारी बसून होती. चौदा हा आकडा तिने त्या दुपारी मोजलेला आहे. कादंबरी लोर्नांनी वाचलेली नाही. सातवं प्रकरण मात्र दुसऱ्या भाषेत जाण्याआधी त्यांच्या कानावरून जावं, अशी त्यांची अट आहे. कराराची अट त्यांची होती. परवानगीही त्यांचीच.

ताईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, ती आता भारतीय डॉक्टरांचा विषय काढणार. तिने लोर्नांना विचारलं, ‘‘तुम्हाला नक्की कुठे दुखत होतं?’’

लोर्नांनी उजव्या बरगडीखाली हात ठेवला. शोधावं लागलं नाही.

‘‘लिव्हर,’’ ताई म्हणाली. ‘‘रक्त तपासायला हवं होतं. एक नळी पुरली असती.’’

‘‘हो,’’ लोर्ना म्हणाल्या. ‘‘आता सगळ्यांना माहीत आहे.’’

मी म्हणाले, मी अकराही वाक्यं परत घालते, जशीच्या तशी, आणि पुन्हा वाचायची व्यवस्था करते. क्लॉडेटने बहिणीकडे पाहिलं. लोर्ना म्हणाल्या, ‘‘घाला. मग बघू.’’ निघताना त्यांनी उरलेला भात डब्यात भरून दिला. डबा परत करायची गरज नाही, असं ताईला दोनदा सांगितलं.

परतीच्या ट्रेनमध्ये ताईने डबा मांडीवर धरला होता. टॅमवर्थ गेल्यावर ती बोलली.

‘‘‘आरामात आहे’, ‘कम्फर्टेबल’, हे मीही लिहिलेलं आहे. शिफ्ट संपताना आम्ही सगळेच लिहायचो. किती वेळा, ते मला नाही सांगता येणार. आणि त्यांतल्या किती जणी खरंच तशा होत्या, तेही नाही.’’

मी काही विचारलं नाही. मुलाखत असती तर विचारलं असतं.

पुणे

अकरा जागा भरायला दोन दिवस लागले. काम अवघड नव्हतं, वाक्य एकच होतं. पण ते प्रत्येक वेळी लिहिताना माझा हात थांबायचा, आणि चहा आणणाऱ्या बाईपाशी मी दोनदा ते पुसून पुन्हा लिहिलं. पूर्ण प्रकरण आता पाच पानांनी वाढलं आहे. मंद झालं आहे. वाचणाऱ्याला त्रास होतो. ते तसंच असायला हवं होतं, हे मला दहा महिन्यांत कळलं नव्हतं.

दुरुस्त मजकूर मी ताईला पाठवला. तन्वी सोबत जायला तयार होती, पण ताई एकटीच नॉटिंगहॅमला गेली. त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

‘‘वाचलं. चौदाच्या चौदा,’’ ती म्हणाली. ‘‘या वेळी लोर्ना समोर बसली होती, स्वयंपाकघरात नाही गेली. मी प्रत्येक वेळी आधी मराठीत वाचायचे, मग इंग्रजीत. म्हणजे तिला अठ्ठावीस वेळा ऐकावं लागलं बघ. नवव्या-दहाव्याला माझाच आवाज गेला. तिने पाणी आणून दिलं.’’

‘‘मग?’’

‘‘मग काही नाही. शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, आता बरोबर आहे. चहा केला. मी निघताना दारात म्हणाली, पण नको.’’

‘‘नको म्हणजे? बरोबर आहे म्हणाली ना?’’

‘‘दोन्ही म्हणाली. बरोबर आहे, आणि नको.’’

‘‘का, ते विचारलंस?’’

‘‘नाही,’’ ताई म्हणाली. ‘‘आणि तूही विचारू नकोस.’’

दुसऱ्या दिवशी क्लॉडेटची मेल आली. मराठी आवृत्तीला परवानगी नाही, एवढंच लिहिलं होतं. कारण दिलेलं नव्हतं. हा प्रवास लिहू का, असं मी उत्तरात विचारलं. नावं बदलून लिहा, चौदा मात्र चौदाच राहू द्या, असं तिने कळवलं.

प्रकाशकांना मी हे सांगितलं. माणूस सज्जन आहे. त्यांचा छपाईचा कागद आलेला आहे, माझे दहा महिने गेले आहेत, आणि पुस्तक चांगलं आहे यावर आमचं दोघांचं एकमत आहे. ते म्हणाले, ‘‘वृंदाताई, बाई भावनेच्या भरात बोलल्या असतील. महिनाभर जाऊ द्या. मग पुन्हा एकदा विचारून बघा ना.’’

मी नाही म्हणाले. त्यांनी कारण विचारलं, ते सांगितलं. लोर्नांनी नको म्हटलं आहे. ते त्यांना एकदाच म्हणावं लागलं पाहिजे.